निवडणूक खर्चमर्यादा

निवडणुकीच्या प्रचारासाठी उमेदवाराने किंवा राजकीय पक्षाने करावयाच्या खर्चावर कायद्याने घातलेले बंधन. केवळ पैशाच्या बळावर कोणी निवडून येऊ नये आणि निवडून आलेला प्रतिनिधी धनिकांच्या ऋणात राहू नये, हे त्यामागील हेतू होत. ग्रेट ब्रिटनमध्ये १८८३ च्या अधिनियमाने उमेदवाराच्या खर्चावर अशी मर्यादा आली. भारताने ही कल्पना स्वीकारली. तथापि येथे उमेदवार बांधला गेला व पक्ष मोकळा राहिला.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या ७७ व्या कलमानुसार उमेदवाराला खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो. मर्यादेबाहेरील खर्च हा १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार ठरतो व त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च ह्या हिशेबात धरावा की नाही, हा खरा वादाचा मुद्दा. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीतील दिल्लीच्या सदर मतदारसंघासंबंधीच्या कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी तो धरावा, असा निर्णय दिला. पक्षाला अमर्याद खर्चाची मुभा असेल, तर उमेदवारावरील मर्यादा निरर्थक ठरते, हे न्यायमूर्ती पी. एन्. भगवती ह्यांचे प्रतिपादन तर्कशुद्ध होते. सत्तारूढ पक्षाला ते परवडणारे नव्हते. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्ष संपण्यापूर्वी संसदेने ७७ व्या कलमाला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा व मित्रांचा खर्च हिशेबातून वगळला. इतक्या तत्परतेने निवडणूक सुधारणेचा कोणताही कायदा क्वचितच झाला असेल. अहमदनगर मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीसंबंधीच्या गडाख विरुद्ध विखे पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या स्पष्टीकरणामुळे मर्यादा केवळ देखावा उरल्याचे नमूद केले. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत आकुंचित करण्यात आली. पक्षाच्या प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च तेवढा वगळला जातो. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारावर मात्र बंधन आले नाही.

पैसा येतो कोठून, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून तिच्या संस्थापन लेखात करावयाच्या बदलाला मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मान्यता दिली. पण अशा देणग्यांनी लोकशाहीलाच धोका संभवतो, असा इशारा मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला ह्यांनी देऊन ठेवला. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६० मध्ये मर्यादा व १९६९ मध्ये पूर्ण बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात देणग्या थांबल्या नाहीत, त्या चोरवाटेने दिल्या जाऊ लागल्या, असे सामान्यतः मानले जाते. २०१७ मध्ये कंपन्यांवरील टक्केवारीची मर्यादा काढली गेली व २०१८ पासून निवडणूक रोखे निघाले. सु. १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यावर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना, मतदाराच्या माहितीच्या अधिकारास बाधक म्हणून, घटनाबाह्य ठरविली.

मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारासाठी १९५१–५२ मध्ये २५ हजार रुपये असलेली मर्यादा २०२२ मध्ये ९५ लाखांवर नेण्यात आली. पक्षांच्या खर्चालाही मर्यादा असावी, अशी शिफारस निवडणूक आयोगाने २०१६ मध्ये केली. उमेदवाराची मर्यादा व उमेदवारांची संख्या ह्यांच्या गुणाकाराशी ती निगडित होती. ब्रिटनच्या २००० च्या अधिनियमातील पद्धतही पक्षाने लढविलेल्या जागांवर आधारलेली आहे. शिवाय तेथे पक्षबाह्य प्रचारकांनाही मर्यादा आहे. अमेरिकेत उलट, १९७६ च्या बक्ले खटल्यात खर्चमर्यादा भाषणस्वातंत्र्याशी विसंगत ठरल्या. भारतात पक्षांना लोकसभा निवडणुकीनंतर ९० दिवसांत आयोगाकडे खर्चाचे विवरण द्यावे लागते, म्हणजे मोजणीची सोय आहेच. मर्यादा घालण्यास कायदा हवा, आणि तो संमत करणारी संसद ज्यांच्यावर बंधन यावयाचे त्या पक्षांचीच बनलेली असते.