उच्च रक्तदाब : घरगुती देखभाल

उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीने आणि तिच्या कुटुंबीयांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार घरी सातत्याने घ्यायची काळजी. रक्तदाब ठरावीक पद्धतीने मोजून लिहून ठेवणे, गोळ्या न चुकवता घेणे, जेवणातील मीठ कमी करणे, नियमित व्यायाम करणे, तंबाखू व मद्य सोडणे आणि धोक्याची लक्षणे ओळखून वेळेत रुग्णालय गाठणे ही तिची मुख्य अंगे होत. ही देखभाल दवाखान्यातील उपचारांना पर्याय नव्हे. ती त्या उपचारांचाच भाग आहे. निदान दोन-तीन भेटींत होते, पण दाब आटोक्यात ठेवण्याचे काम पुढे बहुधा आयुष्यभर घरातच चालते.

स्वरूप व व्याप्ती : हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांमध्ये असणारा दाब हा बोलण्यातला ‘वरचा’ आकडा आणि ते शिथिल होताना उरणारा दाब हा ‘खालचा’ आकडा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक भरल्यास उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. घरच्या मोजणीत हीच मर्यादा १३५/८५ धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. या विकारात बहुतेकांना काहीही त्रास जाणवत नाही. त्या काळातही मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळ्यांचा पडदा यांच्या रक्तवाहिन्यांची हानी होत राहते. त्यामुळे ‘मला बरे वाटते आहे’ हा दाब आटोक्यात असल्याचा पुरावा ठरत नाही. मोजलेला आकडाच तो ठरवतो.

घरी मोजणी : इटलीतील शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याचे साधन तयार केले. रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने नाडीचे आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत दाखवली. या रीतीला प्रशिक्षित कान लागतो. पट्टीतील कंपनांवरून आकडा काढणारी स्वयंचलित यंत्रे आल्यावर मात्र घरातील कोणालाही मोजणी शक्य झाली. यंत्र दंडावर पट्टी बांधायचे आणि वैद्यकीय चाचणीत प्रमाणित झालेले असावे. बोटावरची यंत्रे वापरू नयेत. पट्टी दंडाच्या घेराला योग्य हवी, कारण जाड दंडाला लहान पट्टी बांधल्यास आकडा खोटा वाढतो. वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात नेऊन तेथील मोजणीशी पडताळून घ्यावे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत स्वयंचलित यंत्र चुकू शकते, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे.

मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा आणि लघवीला जाऊन यावे. पाठीला आधार देऊन, पाय जमिनीवर सरळ टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात टेबलावर अशा रीतीने ठेवावा की पट्टी हृदयाच्या पातळीत येईल. पट्टी बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधावी. मोजणी चालू असताना बोलू नये आणि पायावर पाय टाकून बसू नये; या दोन्हींनी आकडा वाढतो. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरावा.

डॉक्टरांच्या भेटीआधीचे सात दिवस सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा दाब मोजावा. सर्व आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी निर्णयासाठी धरतात. काहींचा दाब केवळ दवाखान्यात वाढतो, तर काहींचा तेथे ठीक आणि घरी जास्त असतो. हे दोन्ही प्रकार वहीमुळे उघड होतात. एखाद्या वाढलेल्या आकड्याने घाबरून दिवसभर पुन्हापुन्हा मोजत बसू नये. दाब स्थिरावल्यावर आठवड्यातून एक-दोन वेळा मोजणे पुरते.

औषधे : अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नेहमी दिली जाणारी औषधे होत. अनेकांना दोन औषधे मिळून लागतात. ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’ या भीतीने गोळी सुरू करण्याचे टाळणारे आणि दाब उतरल्यावर ती आपणहून बंद करणारे रुग्ण सर्वत्र आढळतात. दाब उतरलेला असतो तो गोळी चालू असल्यामुळे; ती थांबवताच बहुधा तो पुन्हा चढतो. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडावी आणि पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी पुढची सोय करावी. एखादी गोळी राहून गेल्यास आठवताच घ्यावी. मात्र पुढची वेळ आली असल्यास दोन एकदम घेऊ नयेत. एकादशी, चतुर्थी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे यांसाठी गोळीची वेळ बदलायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

अॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. अशा वेळी औषध बदलून मिळते, म्हणून ते गुपचूप न सोडता डॉक्टरांना सांगावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या दाब वाढवतात. सांधेदुखीसाठी त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. वयस्कांनी अंथरुणातून उठताना आधी काही क्षण बसून मग उभे राहावे, कारण औषधांमुळे उठताच दाब घसरून तोल जाऊ शकतो.

आहार : जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. या हिशेबाने चार प्रौढांच्या घरात महिन्याला सर्व मार्गांनी मिळून ६०० ग्रॅमच्या आत मीठ जायला हवे. मिठाची एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर लोणची, पापड, फरसाण, वेफर्स, सुके बोंबील व खारवलेली मासळी यांतून येणारे मीठ धरण्यापूर्वीच ती मर्यादा ओलांडलेली असते. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते मनसोक्त चालते हा समज चुकीचा आहे. रुग्णासाठी वेगळी अळणी भाजी काढण्यापेक्षा सगळ्या घराचे मीठ टप्प्याटप्प्याने कमी करणे टिकते. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. लिंबू, कोकम, आमसूल, लसूण, जिरे, ओली मिरची यांनी चव राखता येते.

सोडियम कमी व पोटॅशियम अधिक असलेल्या मिठाचा चीनमधील ६०० खेड्यांत मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाला धोका पोचतो. पालेभाज्या, फळे, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध-ताक (मीठ न घालता) यांनी दाब उतरण्यास मदत होते.

व्यायाम व विश्रांती : आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम करावा आणि वजन जास्त असल्यास ते उतरवावे. तंबाखू, मशेरी, गुटखा व विडी सोडावी. झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे यांचाही दाबाशी संबंध असल्याने ते डॉक्टरांना सांगावे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासून १९६९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. शवासन, संथ श्वसन यांची जोड द्यावी. त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नये.

घरगुती उपाय : मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष वेधले. तिच्यातील रेसर्पिन पुढे औषध म्हणून वापरले गेले. त्याने काहींना तीव्र उदासीनता येते हेही दिसले. तेव्हा वनस्पती आहे म्हणून ती निर्धोक असे समजू नये. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात घेतल्यास दाब उलट वाढतो.

धोक्याची लक्षणे : दाब १८०/१२० किंवा त्याहून अधिक भरल्यास पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजावा. तो तितकाच असेल, पण काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक अंधुक दिसणे, असह्य डोकेदुखी, फिट किंवा भ्रम यांपैकी काहीही दिसल्यास आकड्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दाब एकदम उतरवण्यासाठी जिभेखाली गोळी ठेवण्याचा किंवा जादा गोळ्या देण्याचा प्रयत्न घरी करू नये. गरोदरपणात दाब १४०/९० झाल्यास घरी न थांबता लगेच रुग्णालयात दाखवावे.

कुटुंब व आरोग्यसेवा : बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन दाब मोजला, सल्ला दिला व गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत तेथील रुग्णांचा वरचा दाब नेहमीच्या सेवेपेक्षा सरासरी सुमारे ५ मिमी.ने अधिक उतरला. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. ठरलेली साधी औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि रुग्णाचा पाठपुरावा यांवर त्याचा भर आहे.

सरकारी आरोग्य उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब तपासणी मोफत होते आणि निदान झालेल्यांना गोळ्याही मोफत दिल्या जातात. घरी यंत्र घेणे परवडत नसल्यास आशा कार्यकर्तीशी बोलून या केंद्रांत नियमित मोजणी करून घ्यावी. वहीतील आकडे, चालू गोळ्यांची पाकिटे आणि वर्षातून एकदा केलेल्या रक्त, लघवी व हृदयालेखाच्या तपासण्या प्रत्येक भेटीत सोबत न्याव्यात. आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास घरातील इतर प्रौढांनीही काही त्रास होण्याची वाट न पाहता दरवर्षी आपला दाब मोजून घ्यावा.