सरकीच्या ढिगातील ऊब

कापसाच्या या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ओल धरलेल्या सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आतली ऊब चांगलीच जाणवते. ‘सरकी सडली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः सडण्याआधी ती जागी झालेली असते. ओल मिळताच बीज जोराने श्वास घेऊ लागते, त्यातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, कामाला लागतात. त्यांतले एक तेल फोडून आम्ल मोकळे करते आणि तेलाची प्रत उतरते.

ही ऊब मोजण्याची कल्पना जुनी आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसला लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात एक गिनीपिग ठेवला. दहा तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळले. (त्या प्राण्याचे मत कोणी विचारले नाही.) त्याने सोडलेल्या वायूशी हिशेब ताडून त्यांनी म्हटले, श्वसन हे मंद ज्वलनच होय. पण जाळतो कोण? १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट वाटून काढलेल्या, पेशी नसलेल्या रसातही साखर आंबते हे दाखविले, तेव्हा कर्ता हाती लागला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उष्णता विकर निर्माण करीत नाही. दहा मण कापूस एका गाडीने नेला काय आणि दहा गाड्यांनी नेला काय, वजन तेच भरते. फरक पडतो वेळेचा. म्हणून एकूण उष्णतेवरून पदार्थ किती होता ते कळते, आणि ती किती झपाट्याने निघाली यावरून विकराचा जोर.

अबईच्या जातीच्या एका बियांतून सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. आपल्या तुरीच्या दाण्यातही ते असते. १९७४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे मोसबाख आणि डॅनिएलसन यांनी असे विकर बारीक नळीत बसवून वरून द्रव सोडला आणि तापमानातील सूक्ष्म फरक टिपला. द्रव गढूळ असला तरी अडत नाही, रंग यावा लागत नाही.

मात्र उष्णता किती हे सांगते, कोणाची हे नाही. ढिगात बीज, बुरशी, जंतू सारेच एकदम तापत असतात. म्हणून जिनातला जाणता माणूस हात बाहेर काढला की तो आधी नाकाशी नेतो.