सेनापतीच्या पुस्तकांची पेटी

श्रोतेहो, सेनापति म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें घोडा उभा राहतो, तरवार उभी राहते, फार तर दुर्बीण उभी राहते. पुस्तकांची पेटी कांहीं उभी राहत नाहीं. आज मी आपल्याला अशाच एका पेटीची हकीकत सांगणार आहें. ही पेटी १७९६ मध्यें इंग्लंडहून निघाली, आणि तिच्या मालकानें सात वर्षांनंतर आपल्या मराठवाड्यांत, भोकरदनजवळच्या असई गांवीं, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुस्तकें वाचल्यानें लढाया जिंकतां येतात असें सिद्ध करण्याचा माझा हेतु नाहीं. तसें असतें तर सारे ग्रंथपाल सरदार झाले असते. परंतु सेनापतीनें काय वाचावें, दुसऱ्यानें सांगितलेलें वाचावें कीं आपलें आपण ठरवून वाचावें, आणि वाचलेल्याचें ऐन रणांगणावर काय होतें, हे प्रश्न या पेटीच्या निमित्तानें नीट पाहतां येतात.

हल्लीं मोठमोठ्या देशांच्या सैन्यांत वाचनाच्या अधिकृत याद्या निघतात. अमेरिकेच्या मरीन दलाचे प्रमुख जनरल ग्रे यांनीं १९८९ मध्यें अशी यादी सुरू केली; कोणत्या हुद्द्याच्या माणसानें काय वाचावें हें तींत ठरवून दिलेलें असे. चाल चांगली आहे, मी तिला नांवें ठेवीत नाहीं. पण ज्यानें जन्मभर पूरक वाचनाच्या याद्या फळ्यावर लिहिल्या, त्या माझ्यासारख्या मास्तराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मुलगा यादींतलें पुस्तक नेतो, पहिलीं दहा पानें चाळतो, आणि हें परीक्षेला नाहीं असें कळतांच परत आणून देतो. आपल्या नडीसाठीं जो स्वतः यादी करतो, त्याचें वाचन निराळें.

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा असा नडीनें वाचणारा होता. त्याचा जन्म १७६९ चा. ईटनच्या नामांकित शाळेंत त्यानें कांहीं दिवे लावले नाहींत. पुढें फ्रान्समध्यें आंजे येथील घोडेस्वारीच्या विद्यालयांत तो राहिला, त्यामुळें फ्रेंच मात्र चांगली आली. त्याला व्हायोलिनचा नाद होता आणि पत्त्यांचाहि. सैन्यांतला हुद्दा त्या काळीं इंग्लंडांत पैसे मोजून विकत मिळे, तसा यानें घेतला. १७९३ मध्यें तो ३३व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, आणि त्याच वर्षीं त्यानें आपलीं व्हायोलिनें जाळून टाकलीं. पुढच्या वर्षीं तो फ्लँडर्स-हॉलंडच्या मोहिमेवर गेला. ती मोहीम अशी कांहीं फसली कीं कडाक्याच्या थंडींत इंग्रजी सैन्याला उपाशीतापाशी मागें फिरावें लागलें. निदान काय करूं नये हें तरी आपण तेथें शिकलों, असें तो पुढें सांगत असे.

नंतर १७९६ मध्यें पलटणीला हिंदुस्थानांत जाण्याचा हुकूम झाला. प्रवास कित्येक महिन्यांचा. डोक्यावर कर्ज होतें, तरी या सत्तावीस वर्षांच्या माणसानें लंडनच्या पुस्तकविक्याकडे जाऊन पुस्तकांवर बरीच रक्कम खर्च केली. आधींचीं आणि नवीं मिळून दोनशेंच्या आसपास ग्रंथ पेटींत भरले, आणि १७९७ च्या फेब्रुवारींत तो कलकत्त्यास उतरला.

या पेटींत काय होतें तें ऐका. सीझरच्या स्वाऱ्यांचा वृत्तांत होता, प्लूटार्कचीं चरित्रें होतीं, फ्रेडरिक राजाचे ग्रंथ होते, मार्शल साक्सचे युद्धविचार होते. येथवर कोणत्याहि सेनापतीची पेटी अशीच असेल. पण तिच्यांत ऑर्मनें लिहिलेला हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या लढायांचा इतिहास होता, रेनेलचे नकाशे होते, फार्सी शिकण्याचीं साधनें होतीं. जोडीला ॲडम स्मिथचें अर्थशास्त्र, ब्लॅकस्टनचा कायदा, लॉकचें तत्त्वज्ञान, स्विफ्ट, व्हॉल्टेअर, रूसो हे सगळे होते. कांहीं फ्रेंच कादंबऱ्या अशाहि होत्या कीं त्यांचीं नांवें मी आकाशवाणीवरून घेणार नाहीं. तरुण माणूस, आणि समुद्राचा इतका लांब प्रवास!

आतां ही यादी कोणी नेमून दिलेली नव्हती. ज्या मुलुखांत जायचें, तेथें लढावें लागेल, पण लढण्याबरोबर वसूल, न्याय, तह आणि बाजार हींहि पाहावीं लागतील, हें ओळखून त्यानें ती केली होती. कायदा आणि अर्थशास्त्र हीं पुस्तकें सेनापतीला कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण श्रीरंगपट्टण १७९९ मध्यें पडल्यावर तेथला कारभार याच माणसाकडे आला. तो फार्सीचा मोठा पंडित झाला असें मात्र नव्हे. मुन्शी आणि दुभाषे त्याला शेवटपर्यंत लागले.

शिवाय त्याचें वाचन हातांत लेखणी घेऊन चाले. बंगालच्या शेतीवर आणि व्यापारावर कोलब्रुकनें लिहिलेलें पुस्तक वाचून त्यानें आपले आक्षेप सविस्तर लिहून काढले. मराठ्यांशीं युद्ध जुंपण्याच्या आधींच मराठी मुलुखांतील मोहिमेविषयीं त्यानें एक टिपण तयार केलें होतें. त्यांतला मुद्दा आपल्या लोकांना उलटा वाटेल. मोहीम दसऱ्यानंतर काढावी ही आपली पिढीजात रीत. यानें लिहिलें कीं नद्या भरलेल्या असतांना मोहीम करावी. मराठ्यांचे घोडेस्वार पूर आलेल्या नदीशीं अडतात, आणि आपल्याजवळ नावा असल्या तर आपण अडत नाहीं. त्याप्रमाणें १८०३ मध्यें ऐन पावसाळ्यांत, ऑगस्टांत, त्यानें अहमदनगरचा किल्ला घेतला. कातड्यानें मढविलेल्या टोपल्यांच्या नावा, बैलांचे तांडे, तांदूळ, बंजाऱ्यांशीं केलेले करार, यांविषयीं त्याच्या पत्रांत जितकें लिहिलेलें आहे तितकें शौर्याविषयीं नाहीं.

याप्रमाणें तयार झालेला माणूस २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळना नदीच्या कांठीं येऊन उभा राहिला. समोर केळना आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यांत शिंदे-भोसल्यांची अफाट फौज. तींतलें दहा हजारांवर पायदळ कवायती होतें, आणि तोफा शंभराच्या घरांत. याच्याजवळ लढाईच्या रांगेंत उभे करायला साडेचार हजार माणसें. स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी अजून दूर होती. समोरून नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. बगलेवर जावें तर उतार पाहिजे. वाटाड्यांनीं सांगितलें, पुढें उतार नाहीं. यानें दुर्बीण लावली. नदीच्या या कांठावर एक गांव आणि जवळजवळ त्याच्यासमोर पलीकडच्या कांठावर दुसरें गांव, एवढें त्याला दिसलें. माणसांनीं समोरासमोर दोन गांवें वसविलीं, तेव्हां मधून जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्यानें तर्क केला. एका अधिकाऱ्याला पुढें पाठवून खात्री करून घेतली, आणि सैन्य त्या उतारानें पार नेलें.

हा तर्क कोणत्याहि पुस्तकांत नव्हता. ऑर्ममध्यें नव्हता, सीझरमध्येंहि नव्हता. आपल्याकडचा नदीकांठचा कोणताहि कुणबी हें सहज सांगेल. मग पेटीचा उपयोग काय? माझ्या मतें तो असा. बैल, दाणा, नावा, पाऊस, पैसा यांचा विचार ज्यानें आधींच संपविलेला असतो, त्याला ऐन वेळीं समोरचीं दोन गांवें पाहण्याइतकी फुरसत डोक्यांत उरते. उरलेलें काम डोळ्यांचें आणि धैर्याचें. आणि तें कांहीं स्वस्तांत झालें नाहीं. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशींच कापले गेले, पण हटले नाहींत. इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे तिघांतला एक. म्हातारपणीं, लढण्याच्या कामांत आपली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असें विचारतां त्यानें वॉटर्लूचें नांव घेतलें नाहीं, असईचें घेतलें.

येथें आपल्या बाजूकडे वळणें प्राप्त आहे, आणि तें सुखाचें नाहीं. तोफा आपल्या उत्तम होत्या, गोलंदाज शूर होते, पायदळाची कवायत फिरंगी पद्धतीची होती. पण त्या पायदळाचा असईचा नायक पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. उत्तरेंत शिंद्यांचा मुख्य सेनानी पेराँ हा फ्रेंच. त्यानें त्याच सप्टेंबरांत इंग्रजांचा आश्रय घेतला. इतर अनेक गोरे अधिकारी गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानें चाकरी सोडून गेले. विद्या भाड्यानें आणलेल्या डोक्यांत होती. तीं डोकीं गेलीं, विद्याहि गेली.

आपले लोक लिहीत नव्हते असें कोणी म्हणूं नये. पुण्याच्या पेशवे दप्तरांतले रुमाल ज्यानें पाहिले आहेत तो असें म्हणणार नाहीं. पण तें लिहिणें बहुतेक त्या त्या दिवसाच्या कामाचें: बातमी, हिशेब, तगादा. दुर्गांविषयीं, आरमाराविषयीं, टोपीकरांना किनाऱ्यावर पाय रोवूं देऊं नये याविषयीं विचारपूर्वक लिहिलेला रामचंद्रपंत अमात्यांचा आज्ञापत्र हा ग्रंथ १८व्या शतकाच्या आरंभींचा आहे. परंतु तो हस्तलिखितांतच राहिला. नागरी अक्षरांत मराठी पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं तीं १८०५ च्या सुमारास, श्रीरामपूर आणि तंजावर येथें, म्हणजे असईनंतर. दौलतराव शिंद्याला वेलस्लीसारखी पेटी भरावयाची इच्छा झाली असती, तरी आपल्या भाषेंत त्यानें तींत काय भरलें असतें? तंजावरच्या सरफोजीराजांनीं मात्र युरोपांतून ग्रंथ मागवून सरस्वती महाल समृद्ध केला. पण त्यांचें राज्य १७९९ च्या तहानें कंपनीकडे गेलेलें होतें. फौज अशी त्यांच्याजवळ नव्हतीच.

पुस्तकें असूनहि फसलेला सेनापति पाहावयाचा असेल तर १७६९ सालींच जन्मलेला दुसरा पुरुष घ्यावा. नेपोलियन वेलस्लीपेक्षां कितीतरी अधिक वाचणारा. तरुणपणीं ओसोन येथील तोफखान्यांत असतांना त्यानें वह्याच्या वह्या भरल्या. १७९८ मध्यें इजिप्तच्या स्वारीवर त्यानें बरोबर फिरतें ग्रंथालय नेलें; त्यांत बायबल, कुराण आणि वेद हे ग्रंथ राजनीतीच्या सदरांत घातलेले होते, यावरून त्याची दृष्टि कळते. १८०८ मध्यें प्रवासांत नेण्यासाठीं हजार लहान ग्रंथांचा संग्रह तयार करण्याविषयीं त्यानें आपल्या ग्रंथपालाला लिहिलें. आणि १८११ च्या डिसेंबरांत त्यानें मागविलें काय, तर स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच्या रशियावरील स्वारीचा अगदीं तपशीलवार वृत्तांत. ती स्वारी कशी बुडाली, थंडीनें आणि उपासमारीनें सैन्य कसें झिजलें, १७०९ मध्यें पोल्टाव्हा येथें त्याचा शेवट कसा झाला, हें सगळें त्या इतिहासांत आहे. तरी पुढच्या जूनमध्यें यानें रशियांत पाऊल टाकलें. त्याचा बेत आधींच ठरलेला असावा, आणि पुस्तकाला त्यानें सल्ला विचारलाच नसावा, असें मला वाटतें. वेलस्लीला तो कुचेष्टेनें शिपायांचा सेनापति म्हणे.

ओसोनच्या दिवसांतल्या त्याच्या भूगोलाच्या एका वहींत इंग्रजांच्या ताब्यांतील मुलुखांची नोंद आहे. तींत शेवटीं एवढेंच लिहिलेलें आहे: सेंट हेलीना, लहान बेट. हिंदुस्थानांतून परत जातांना १८०५ मध्यें वेलस्ली त्या बेटावर थांबला होता, आणि ज्या घरीं त्याचा मुक्काम झाला असें सांगतात, त्याच घराच्या आवारांत दहा वर्षांनीं नेपोलियनला पहिले कांहीं आठवडे ठेवण्यांत आलें. तेथेंहि त्यानें युरोपांतून पुस्तकांच्या पेट्या मागविल्या, आणि आपल्या सेवकाला सीझरच्या युद्धांवर टीपा सांगून लिहवून घेतल्या.