खेळाची मूठ

कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून घ्यायला गावच्या सुताराकडे गेलात, तर ती कुऱ्हाड कोण चालवणार, हे तो आधी विचारून घेतो. उंच माणसाला दांडा लांब लागतो, म्हाताऱ्याला हलका लागतो. डावखुऱ्याला दात्यांचा विळा हवा असेल, तर लोहाराला मुद्दाम सांगावे लागते. कारण बाजारात मिळणाऱ्या विळ्याचे दाते उजव्या हाताच्या हिशेबाने पाडलेले असतात. हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. आज मी तुम्हांला ज्या मुठीचा इतिहास सांगणार आहे ती मात्र शेतातली नव्हे, खेळातली आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे काय ते आता सांगायला नको. घरोघरी मुले मोबाइलच्या काचेवर अंगठे फिरवीत बसलेली असतात. परंतु हा खेळ पुष्कळ वर्षे पडद्यावर निराळा आणि हातात निराळा असा होता, आणि अनेक घरांत तो अजून तसाच आहे. पडद्यावर बाहुले पळते, आणि त्याचा लगाम खेळणाऱ्याच्या हातातल्या एका डबीत असतो. तिला कंट्रोलर म्हणतात. तिच्यावर एखादी दांडी, काही बटणे, क्वचित एखादे फिरवायचे चाक. खेळच तो, त्याच्या डबीचा कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण माणसाचा हात आणि यंत्र यांची गाठ कुठे आणि कशी घालायची, हा प्रश्न या डबीइतका उघड फार थोड्या ठिकाणी दिसतो.

सुरुवात अमेरिकेतली. १९५८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत लोकांना भेटीसाठी बोलावले होते. विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पाच इंची गोल पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. दोघा खेळाडूंच्या हाती एकेक लहान डबी होती. रेडिओचे स्टेशन लावायला फिरवतो तसले एक गोल बटण चेंडू कोणत्या कोनाने जावा हे ठरवी, आणि दुसरे दाबायचे बटण चेंडू मारी. बस्स, एवढेच. लोकांनी रांगा लावून तो खेळ खेळला. कोणाला काही शिकवावे लागले नाही, हे त्या डबीचे यश.

त्यापुढची गोष्ट अधिक रंगतदार आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., या नामांकित संस्थेत १९६१ साली पीडीपी-१ नावाचा संगणक आला. त्याची किंमत तेव्हा १,२०,००० डॉलर होती. आता एवढ्या किमतीच्या यंत्रावर तरुण मंडळींनी काय करावे? स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र यांनी १९६२ च्या आरंभी त्यावर ‘स्पेसवॉर’ नावाची आकाशातली लढाई बसवली. पडद्याच्या मध्यभागी एक सूर्य, तो सर्वांना आपल्याकडे ओढतो. भोवती दोन याने, एकमेकांवर मारा करणारी.

पण ही याने चालवायची कशाने? संगणकाच्या दर्शनी फळीवर लहान लहान खटके होते, आपल्या विजेच्या बोर्डावर असतात तसे. त्यांतले चार एका खेळाडूला, चार दुसऱ्याला वाटून दिले. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वेग घ्या, गोळा सोडा. आता गंमत बघा. ही फळी पडद्याच्या एका बाजूला होती. त्यामुळे एका खेळाडूला पडदा नीट दिसे, आणि दुसऱ्याला तो तिरपा व दूर पडे. शिवाय दोघांना खांद्याला खांदा लावून अवघडून बसावे लागे. म्हणजे लढाई सुरू होण्याआधीच एकाची बाजू लंगडी! कुस्तीच्या फडात एका मल्लाच्या डोळ्यांवर ऊन यावे आणि पंचांनी तिकडे कानाडोळा करावा, तसेच हे झाले.

यावर तोडगा काढला ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी. एम.आय.टी.त विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते, खेळण्यातल्या आगगाड्यांचे. त्याच्या खोलीत रुळांचे मोठे जाळे मांडलेले असे. या जोडीने तिथले लाकडाचे तुकडे, तारा, बॅकेलाइटच्या पट्ट्या, जुने खटके गोळा केले आणि ठोकून, कापून, डाख देऊन दोन पेट्या तयार केल्या. व्हिडिओ गेमसाठी हाताने घडवलेल्या खास कंट्रोलरांत या पेट्यांचा मान फार वरचा आहे, आणि माझ्या मते त्यांच्याइतका विचार पुढच्या कित्येक कारखान्यांनीही केला नाही.

त्या पेटीवर दोन दांड्या आणि एक बटण होते. पहिली दांडी डावी-उजवीकडे हलवली की यान तसे वळे. हे सरळच झाले. दुसऱ्या दांडीला कामे दोन होती. मागे ओढली की वेग. पुढे ढकलली की यान एकदम अदृश्य होऊन भलत्याच ठिकाणी प्रकट होई. ही दुसरी युक्ती जिवावर बेतल्यावरच वापरायची, कारण प्रकट होताना यान फुटण्याचाही धोका असे. दोन्ही कामे एकाच दांडीवर घातल्याने हाताची धावपळ वाचली, पण दोन्ही एकाच क्षणी करता येईनात. म्हणजे काही मिळवले, काही सोडले. आणि बटण? ते गोळा सोडायचे बटण मुद्दाम आवाज न करणारे निवडले होते. दोघे शेजारी बसलेले. एकाचे बटण टक्‌कन वाजले तर दुसरा सावध होणार! आवाज करणारे बटण बोटाला बरे वाटते, दाबले गेल्याची खात्री देते. इथे त्या खात्रीपेक्षा गुपित महत्त्वाचे ठरले. पेटीला लांब तार जोडल्याने दोघांना पडद्यासमोर सारखे बसता येऊ लागले, आणि खेळ न्यायाचा झाला.

आता जपानला जाऊ. क्योटो शहरातली निन्टेन्डो ही कंपनी १८८९ पासून पत्ते बनवणारी. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण कारखान्यातली यंत्रे सांभाळण्याच्या कामावर लागला आणि पुढे खेळणी रचणारा झाला. नव्या महागड्या शोधांच्या मागे न लागता, जुने, स्वस्त, पक्के झालेले तंत्र नव्या कामाला लावावे, असा त्याचा बाणा होता. आपल्याकडच्या काटकसरी गृहिणीला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

१९८२ साली त्याला खिशात मावणारा, पुस्तकासारखा मिटणारा एक खेळ तयार करायचा होता. बाहुले चारी दिशांना हलले पाहिजे, पण उभी दांडी बसवली तर डबी मिटणार कशी? योकोईने अधिकाच्या चिन्हासारखी एक चपटी पट्टी बसवली. अंगठा वर दाबला की वर, खाली दाबला की खाली. न पाहता, नुसत्या स्पर्शाने दिशा कळते. पट्टी मधल्या टेकूवर झुलते, म्हणून एक बाजू दबली की समोरची उचललीच जाते. डावे आणि उजवे एकदम दाबता येत नाही. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या घरगुती खेळयंत्रावरही हीच पट्टी आली, आणि पुढे ती जगभर पसरली.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याआधी अमेरिकेत घराघरांत गेलेल्या अटारी कंपनीच्या कंट्रोलरची दांडी उजव्या हाताने फिरवायची आणि बटण डाव्या अंगठ्याने दाबायचे, अशी रचना होती. निन्टेन्डोने दिशा डाव्या अंगठ्याखाली नेली. दोन्ही कंपन्यांनी बहुतेकांच्या हाताचा विचार केला असेल. पण उरलेल्यांनी काय करायचे, तर सवय करून घ्यायची!

चपट्या पट्टीने बंद केलेली एक वाट पुढे पुन्हा उघडली, तेही सांगतो. लढतीचे खेळ खेळणाऱ्या काही हौशी खेळाडूंनी दांडी काढून टाकून चारी दिशांना चार सुटी बटणे लावलेल्या पेट्या करवून घेतल्या. बटण दांडीपेक्षा चपळ. पण आता डावे आणि उजवे एकाच वेळी दाबता येऊ लागले! मग यंत्राने काय समजायचे? डावे, उजवे, की काहीच नाही? यावर वाद झाले आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना त्यासाठी नियम करावे लागले.

विचित्र कंट्रोलरांत सर्वांत गाजलेला म्हणजे १९८९ सालचा ‘पॉवर ग्लव्ह’, म्हणजे हातमोजा. मूठ वळली की पडद्यावरही मूठ वळावी, अशी त्याची ऐट. असे हातमोजे प्रयोगशाळांत होते, पण त्यांची किंमत हजारो डॉलर. हा खेळण्याच्या दुकानात शंभरएक डॉलरांत द्यायचा, तर काटछाट आलीच. बोट किती वाकले याचे चारच टप्पे तो ओळखी. करंगळीचा हिशेब त्यात नव्हताच. हात कुठे आहे हे कळावे म्हणून मोजा कानाला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि टीव्हीला लावलेले तीन ग्राहक तो टिपीत. हात सतत उचलून धरायचा, म्हणजे थोड्याच वेळात दंड भरून येई. शिवाय तो केवळ उजव्या हाताचा. त्याच्यासाठी म्हणून काढलेले खेळ अवघे दोन. खेळणे म्हणून तो फसला. परंतु संगणकाशी खटपट करणाऱ्या हौशी लोकांना स्वस्तात हातमोजा मिळाला, त्यांनी त्यावर पुष्कळ प्रयोग केले.

याच्या उलट टोक म्हणजे २००२ साली जपानी कॅपकॉम कंपनीने काढलेला ‘स्टील बटालियन’. एका खेळासाठी एक भला मोठा कंट्रोलर: सुमारे चाळीस बटणे, दोन दांड्या, पायांसाठी तीन पेडल! यंत्र फुटण्याआधी उडी मारण्याचे बटण झाकणाखाली ठेवलेले. ते वेळेवर दाबले नाही, तर खेळाडूची साठवलेली सारी कमाई पुसली जाई. या मालिकेबाहेरच्या कोणत्या खेळाला ही मूठ लावायची सोय नाही. हा शौक श्रीमंतांचा.

इथवर आपण धडधाकट हातांबद्दल बोललो. ज्यांचे हातच चालत नाहीत त्यांचे काय? इंग्लंडात स्टोक मँडव्हिल नावाचे रुग्णालय आहे. पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४४ साली तिथे विभाग उघडला, आणि १९४८ साली तिथल्याच आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ ते. तिथे भेटीला येणाऱ्या रेग मेलिंग नावाच्या गृहस्थाने पाहिले, की मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसांना कोणाला बोलवायचे तर फारच तुटपुंजे साधन आहे. त्याने १९६० साली एक यंत्र रचले. नळीत फुंकर मारायची किंवा तिच्यातून हवा ओढायची. तेवढ्यावर टंकलेखन यंत्र चालवता येई. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पोसम’ हे नाव रूढ झाले, आणि लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा होतो.

हीच फुंकर १९८९ साली खेळात आली. पॉवर ग्लव्ह बाजारात आला त्याच वर्षी निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेने हातांवाचून चालणारा कंट्रोलर काढला. तो छातीवर बांधायचा. तोंडाने किंवा हनुवटीने दांडी हलवायची, आणि नळीत फुंकून व ओढून दोन बटणांचे काम करायचे. तो दुकानांत ठेवलेला नव्हता. कंपनीकडूनच मागवावा लागे. हातमोज्याची जाहिरात मात्र घरोघरी पोहोचली होती. याबद्दल मला खंत वाटते, ती लपवीत नाही. तथापि या कंट्रोलरलाही मर्यादा होती. तो एका प्रकारच्या शरीरासाठी घडवलेला. ज्याची मान ताठ नाही पण एक पाय चालतो, अशा मुलाला त्याचा काय उपयोग?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली ‘ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला तो या अडचणीवर उपाय म्हणून. त्यावर दोन मोठी गोल बटणे, चार दिशांची पट्टी, आणि मागच्या बाजूला १९ भोके. प्रत्येक भोक एका बटणाचे. त्यात आपापला खटका जोडायचा. तो गुडघ्याखाली ठेवा, गालाशी ठेवा, खुर्चीच्या हाताला बांधा. पेटीचे खोकेसुद्धा दात न लावता, फासात हात अडकवून उघडेल असे केले. इथेही देवघेव आहेच. सर्वांना चालावी म्हणून ही पेटी अपुरी ठेवली आहे. नुसती घरी आणून भागत नाही. तिची अमेरिकेतली किंमत तेव्हा शंभर डॉलर, आणि खटक्यांचा खर्च वेगळा. २०१९ साली लॉजिटेक कंपनीने बारा खटक्यांचा संच काढला, तोही शंभर डॉलरांनाच.

शिक्षक मंडळींना इथे एक सांगतो. ती १९ भोके साडेतीन मिलिमीटरची आहेत, म्हणजे लहान ट्रान्झिस्टर रेडिओला कानातली गुंडी लावायला असत तशीच. आणि खटका म्हणजे दोन तारांची टोके जुळवणे, दुसरे काही नाही. बॅटरीचा सेल, लहान बल्ब, पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि त्यांना चिकटवलेला ॲल्युमिनियमचा कागद एवढ्यावर वर्गात तो करून दाखवता येतो. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये भोक पाडलेला स्पंज ठेवा आणि मुलांना तो कोपराने, हनुवटीने, टाचेने दाबून बल्ब लावायला सांगा. स्पंज जाड ठेवला तर अशक्त मुलाला तो दाबवत नाही. पातळ ठेवला तर नुसता हात टेकला तरी बल्ब लागतो. किती जाड ठेवायचा, ते मुलांनाच एकमेकांचे हात पाहून ठरवू द्या.