मूल एक, मापं अनेक

बुद्धी मोजायची पहिली चालती फूटपट्टी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली, आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमाँ यांच्या हातून. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० साली निघालं. प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, ते इथल्या मुलांवर तपासावे लागतात, हे त्या कामाचं मोल.

ते वाचताना मला आमचं सडक अर्जुनी दिसतं. घरात झाडीबोली, कुठे गोंडी आणि शाळेच्या पुस्तकात प्रमाण मराठी. इथल्या मुलीला कमी गुण पडले, तर कमी काय आहे? तिची समज, की चाचणीच्या भाषेशी तिची ओळख? एकट्या चाचणीच्या आकड्यात दोन्ही मिसळलेलं असतं.

यावर १९५९ साली कॅम्पबेल आणि फिस्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वाट दाखवली. अनेक गुण घ्या, प्रत्येक गुण अनेक पद्धतींनी मोजा आणि सगळे सहसंबंध एका तक्त्यात मांडा. मुलांच्या बुजरेपणाबद्दल आयांचे आणि गुरुजींचे आकडे जुळायला हवेत. त्यापेक्षा गुरुजींनीच दिलेले बुजरेपणाचे आणि हुशारीचे आकडे एकमेकांशी जास्त जुळले, तर आपण मुलांपेक्षा गुरुजींची नजरच मोजतोय.

पुढे घटक विश्लेषणाने हे हिस्से वेगळे काढायची सोय झाली. पण मॉडेल कोणतं निवडायचं? मिखाएल आइड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सांगितलं: आधी पद्धती कशा आहेत ते बघा. चिठ्ठ्या टाकून वर्गातले तीन सोबती निवडले, तर ते एकमेकांच्या जागी चालतात. तिथे बहुस्तरीय मॉडेल लावा. आई आणि गुरुजी यांची अशी अदलाबदल होत नाही. तिथे एकाचं मत मूळ धरा, समजा आईचं. त्यावरून गुरुजींच्या मताचा जेवढा भाग सांगता येत नाही, तो वेगळा घटक म्हणून ठेवा.

आई म्हणते पोरगी दिवसभर बडबडते, गुरुजी म्हणतात तोंड उघडत नाही. सरासरी काढली की एक मध्यम बोलकी मुलगी तयार होते. ती घरीही नसते आणि शाळेतही नसते. तो उरलेला फरक चूक समजून पुसला, तर पोरगी वर्गात गप्प का होते, हे कुणी विचारणारच नाही.