असीलचा प्रवास : भारतीय अंगणातून कॉर्नवॉलला आणि तेथून जगाच्या ताटात

पांढरी पिसे, रुंद छाती आणि सहा आठवड्यांत सुमारे 2 किलो वजन ही ब्रॉयलर कोंबडीची ओळख. भारतात ती सर्रास परदेशी म्हणून ओळखली जाते, आणि तिचे आजचे रूप परदेशात घडले हे खरेच आहे. परंतु तिच्या वंशावळीचा एक धागा मागे मागे नेला, तर तो भारतातल्याच एका जुन्या देशी जातीपाशी येऊन थांबतो. ती जात म्हणजे असील.

'असील' या शब्दाचा अर्थ कुलीन, शुद्ध वंशाचा. मराठीतला 'अस्सल' हा शब्दही त्याच अरबी मुळातून आला आहे. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगढ हा या जातीचा मूळ प्रदेश मानला जातो. उंच, ताठ बांधा, लांब मान, आखूड मजबूत चोच, लहानसा दबका तुरा आणि दगडासारखे घट्ट स्नायू यांमुळे असील कोंबडा चटकन ओळखू येतो. पाळणाऱ्यांनी रंगरूपावरून पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, टीकर असे प्रकार वेगळे केले. कोणतीही लेखी नोंदवही नसताना पिढ्यानपिढ्या चाललेले हे निवडपैदाशीचे काम होते. त्यामागचा हेतू मात्र झुंजीचा होता. त्यामुळे अंड्यांची संख्या दुर्लक्षित राहिली, आणि ताकद, चिकाटी व लढाऊपणा यांचीच निवड होत गेली.

19व्या शतकाच्या पूर्वार्धात हे पक्षी जहाजांतून इंग्लंडला पोहोचले. नैऋत्येकडील कॉर्नवॉल परगण्यात त्यांचा संकर तेथील झुंजीच्या कोंबड्यांशी करण्यात आला. भारतात सेनाधिकारी राहिलेले सर वॉल्टर गिल्बर्ट यांना या प्रयोगाचे श्रेय परंपरेने दिले जाते. अपेक्षा होती अधिक कणखर लढवय्याची. निघाला तो आखूड पायांचा, जड अंगाचा आणि कमालीच्या रुंद छातीचा पक्षी. रिंगणात तो कुचकामी ठरला. त्यातच 1835 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. झुंजीसाठी नापास झालेला हा पक्षी मांसासाठी मात्र उत्तम होता. त्याला 'इंडियन गेम' हे नाव मिळाले.

पुढे हा पक्षी अमेरिकेत गेला. तेथील जातींच्या प्रमाणित यादीत 1893 मध्ये त्याचा समावेश झाला. 20व्या शतकाच्या आरंभी त्याच्या नावातला 'इंडियन' हा शब्द गळून पडला आणि 'कॉर्निश' तेवढा उरला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' घडवण्याची एक देशव्यापी स्पर्धा भरवली गेली. 1948 च्या अंतिम फेरीत चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांचा विजयी ठरलेला पक्षी कॉर्निशच्या संकरातूनच आला होता. यानंतर पितृवंश कॉर्निशचा आणि मातृवंश पांढऱ्या प्लायमाउथ रॉकचा, अशी ब्रॉयलर उद्योगाची मांडणी रूढ झाली. 20व्या शतकाच्या उत्तरार्धात हेच संकरित वंश भारतात आले. असीलचे रक्त नव्या नावाने मायदेशी परतले होते.

या परतीत बरेच काही मागे राहिले होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार व्यापारी कोंबड्यांच्या शुद्ध वंशांत मूळ जातींमधील निम्म्याहून अधिक जनुकीय विविधता आढळत नाही. वेगाने वाढणारा पक्षी निवडताना इतर गुणांच्या असंख्य आवृत्त्या वाटेत गळाल्या. उद्या एखादा नवा रोग आला किंवा उष्णता वाढली, तर उपयोगी पडू शकणारे गुण शोधण्यासाठी संशोधकांना पुन्हा देशी जातींकडेच वळावे लागेल. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी 'कारी निर्भीक' हा संकर तयार केला, तो असीलच्याच आधारे.

मग या जातींचे जनुकीय द्रव्य शीतपेटीत जपून ठेवले, तर भागणार नाही काय? येथे पक्ष्यांचे जीवशास्त्र आड येते. कोंबडीच्या अंड्यात बलकाचा साठा एवढा मोठा असतो की सस्तन प्राण्यांच्या भ्रूणाप्रमाणे ते गोठवून ठेवता येत नाही. कोंबड्याचे वीर्य गोठवता येते, पण पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. डब्ल्यू गुणसूत्र आणि पेशीतील मायटोकॉन्ड्रिया ही आईकडून येणारी देणगी आहे. केवळ वीर्य साठवल्यास ती हाती लागत नाही. आद्य जननपेशी गोठवण्याचे तंत्र हा मार्ग खुला करत आहे, परंतु ते प्रगत प्रयोगशाळेचे काम आहे. म्हणून आजही देशी जातीचा सर्वांत भरवशाचा साठा म्हणजे खुराड्यातला जिवंत कळप, आणि त्याची राखणदार म्हणजे अंड्यांवर खुडूक बसणारी कोंबडी.

2019 च्या 20व्या पशुगणनेत देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी नोंदली गेली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास 46 टक्क्यांनी अधिक होती. हा आकडा दिलासा देतो, पण त्यात सुधारित संकरित पक्षीही मोडतात. पक्षी वाढले म्हणजे जाती टिकल्या, असे नव्हे. उलट, सुधारित कोंबडे गावात मोकळे फिरू लागले की देशी वंश दोन-चार पिढ्यांत त्यांच्यात मिसळून जाऊ शकतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो देशी जातींची नोंदणी करतो. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणीने जातीला ओळख मिळते आणि मानांकनाने बाजार. पण शुद्ध कोंबडा राखून ठेवणे, त्याची जोडी जुळवणे आणि पिल्ले वाढवणे हे काम अखेर पाळणाऱ्याचेच.

असीलच्या पैदाशीमागचे झुंजीचे कारण भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने बेकायदा ठरले, आणि ते योग्यच झाले. आता पाळणाऱ्याला हा वंश राखण्यासाठी दुसरे, प्रामाणिक कारण मिळाले पाहिजे. ज्या जातीच्या रक्तावर जगातील एवढा मोठा मांसउद्योग उभा राहिला, तिला तिच्याच गावात रास्त दर मिळणे हे त्यांतले पहिले.