छतावरची पेटी

गुगल मॅप्सवर अ‍ॅरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि मध्यवर्ती भागातल्या जुन्या वस्त्यांवर झूम करत जा. बहुतेक छतांवर एक चौकोनी पेटी दिसेल, काही छतांवर दोन. एक बहुधा एसीची आणि दुसरी कूलरची. घर १९२५चं, कूलर कधीतरी पन्नास वर्षांपूर्वीचा, एसी परवाचा. या पेट्या एकामागून एक छतावर कशा चढल्या, आणि त्या चढल्यावर खालच्या घराचं काय झालं, ते सांगायचं आहे.

फिनिक्स सोनोरन वाळवंटात आहे. उन्हाळ्यात ४३-४४ अंश सेल्सियस ही तिथली रोजची गोष्ट. जानेवारीतल्या काही रात्री मात्र पारा गोठणबिंदूजवळ उतरतो. १९४० साली या गावात जेमतेम ६५ हजार माणसं होती. १९६० साली ४ लाख ३९ हजार झाली, आणि २०२०च्या जनगणनेत १६ लाखांवर गेली. एसी आला म्हणून शहर वाढलं, असं याचं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. एक तर शहराने आजूबाजूची गावं आणि वस्त्या भराभर आपल्या हद्दीत घेतल्या, त्यानेही आकडा फुगला. दुसरं म्हणजे एसीच्या आधी एक स्वस्त यंत्र येऊन गेलं होतं, आणि त्याही आधी घराच्या भिंतीच हे काम करत होत्या.

भिंती मातीच्या. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, दीड-दोन फूट जाड. तिकडे त्यांना अडोबी म्हणतात. जाड मातीची भिंत ऊन अडवते म्हणण्यापेक्षा ते उशिरा पोचवते म्हणणं बरोबर. दुपारची धग आतल्या बाजूला यायला बरेच तास लागतात, म्हणजे ती येते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते आणि दारं-खिडक्या उघडून ती घालवता येते. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आणि धाब्याची घरं याच हिशोबावर उभी होती. या हिशोबात एक अट लपलेली आहे: रात्र थंड असली पाहिजे. ती अट पुढे मोडणार आहे, म्हणून इथेच लक्षात ठेवा.

१८८७ साली फिनिक्सला रेल्वे पोचली. तिच्याबरोबर इमारती लाकूड आलं, पूर्वेकडचे लोक आले आणि त्यांच्या आवडीही आल्या. मातीचं घर म्हणजे मागासलेलं, मेक्सिकन लोकांचं, अशी समजूत रुजली. १८९५चं रॉसन हाउस आजही फिनिक्समध्ये संग्रहालय म्हणून उभं आहे. त्याची नक्षीदार लाकडी व्हिक्टोरियन धाटणी पाहून हे वाळवंटातलं घर आहे हे कुणी सांगणार नाही. पुढच्या तीस वर्षांत बंगल्यांचे मोहल्ले उभे राहिले: रूझवेल्ट, विलो, एन्कान्टो-पामक्रॉफ्ट. विटांच्या भिंती, पुढे खोल ओसरी, जमिनीपासून उचललेली लाकडी तक्तपोशी आणि वर उतरतं छप्पर.

या घरांत लोक उन्हाळा कसे काढत? ज्यांच्याकडे पैसे होते ते बायकामुलांना सान डिएगोच्या समुद्राकडे किंवा वर डोंगरात प्रेस्कॉटला पाठवत. बाकीचे बाहेर झोपत. घराला जाळी लावलेली एक पडवी असे, खास झोपण्यासाठी. चादर पाण्यात बुडवायची, पिळायची आणि अंगावर घ्यायची किंवा वाऱ्याच्या तोंडाशी टांगायची. किडामुंगी वर चढू नये म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवायचे. गच्चीवर सडा घालून झोपलेल्या कुणाही आजीला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

ओल्या चादरीचंच पुढे यंत्र झालं. १९३०च्या दशकात फिनिक्स आणि टूसॉनमध्ये लोक लाकडी खोकी घेऊन त्यांच्या बाजूंना जाळीत लाकडाचा भुसभुशीत कीस भरू लागले, वरून पाणी ठिबकवू लागले आणि आत विजेचा पंखा ठेवू लागले. टूसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्टिन थॉर्नबर्ग यांनी हा कूलर घरी कसा बांधायचा याची माहिती लोकांपर्यंत पोचवली. लवकरच पत्राकाम करणाऱ्यांनी पत्र्याचे कूलर बनवायला घेतले आणि तो धंदा फोफावला. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांना आता हसू येत असेल. हो, तोच. एप्रिलमध्ये माळ्यावरून उतरणारा, नवं गवत भरून खिडकीत बसणारा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून वारा गार करण्याची युक्ती तर आपल्याकडे मोगल काळापासूनची. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या बंगल्यांत ताटीमागे हाताने फिरवायचा पंखा जोडलेलं यंत्रही होतं. ताटी भिजवायला माणूस ठेवणं अमेरिकेत परवडणारं नव्हतं, पण फिनिक्समध्ये वीज होती.

कोरड्या जूनमध्ये या यंत्राला तोड नाही. ४३ अंशांची, दहा टक्के आर्द्रतेची हवा ओल्या किसातून गेली की पंचवीस-सव्वीस अंशांवर येते, आणि वीज लागते फक्त पंखा आणि छोट्या पंपापुरती. मात्र कूलरला खिडकी उघडी लागते. आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर घर कोंदट होतं. म्हणजे कूलरच्या काळापर्यंत घर आणि बाहेरची हवा यांचं नातं तुटलेलं नव्हतं.

मग जुलै येतो. दक्षिणेकडून दमट वारे येतात, संध्याकाळी धुळीची वादळं उठतात, विजा चमकतात. अ‍ॅरिझोनातले लोक याला ‘मान्सून’ म्हणतात. शब्द आपल्या ‘मोसमी’चाच भाऊ, अरबी ‘मौसिम’मधून निघालेला. हवेत आधीच ओल असली की पाणी उडत नाही, पाणी उडालं नाही की गारवा येत नाही. कूलर चालतो, पण अंग चिकट होतं, दारं फुगतात, आणि किसाला शेवाळाचा वास मारू लागतो. ‘स्वॅम्प कूलर’, म्हणजे दलदलीचा कूलर, हे त्याचं तिथलं नाव तो वास घेतल्यावर पटतं. हे दोन महिने एसीने जिंकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीतला एसी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मग अख्ख्या घराचा एसी आला: छतावर एक यंत्र, आणि त्यातून प्रत्येक खोलीत जाणारे पत्र्याचे डक्ट. १९५५च्या सुमारास जॉन एफ. लाँग या बिल्डरने शहराच्या पश्चिमेला मेरीव्हेल वसवायला घेतलं. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, बुटकं छप्पर, एकासारखं एक घर, किंमत कामगाराला परवडणारी. अशा वस्त्यांतून खोल ओसरी गेली, झोपायची पडवी गेली, समोरासमोरच्या खिडक्याही गेल्या. यंत्र आहे म्हटल्यावर त्यांवर खर्च कोण करणार?

आपण सहज ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो ना, तो टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढं काम म्हणजे एक टन. तीन टनांचं यंत्र म्हणजे घरात रोज पावणेतीन हजार किलो बर्फ वितळवणं. तो बर्फ शोषतो ती उष्णता नाहीशी होत नाही, छतावरून बाहेर फेकली जाते. शेजाऱ्यांकडे, रस्त्यावर.

आता या जुन्या घरांत असं यंत्र बसवायचं म्हणजे काय, ते पाहू. सगळ्या काळांची भांडणं इथे एकाच छपराखाली येतात. १९२५च्या बंगल्यात डक्ट न्यायला जागा एकच, छपराखालचा पोटमाळा. उन्हाळ्यात तिथे ६० अंशांच्या वर तापतं. म्हणजे थंड हवा घराच्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यातून न्यायची. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते. ती अशा माळ्यावर गेली तर बिलाचं काय होत असेल ते बघा. सपाट छताच्या मातीच्या घराला तर पोटमाळाच नाही. मग डक्ट छतावर उघड्यावर न्यायचे, नाहीतर मधल्या बोळाचं छत दोन फूट खाली आणायचं. जुनं वायरिंग दिवे आणि एखाद्या पंख्यासाठी घातलेलं, ते नवं यंत्र पेलत नाही. विजेचा बोर्ड बदलावाच लागतो.

मातीच्या भिंतींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना पाणी सोसत नाही. यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याचा पाइप नीट नसेल, किंवा कूलर वर्षानुवर्षं गळत असेल, तर भिंत आतून मऊ होत जाते. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केलेला असला तर ओल आत कोंडते आणि बाहेरून काही दिसतच नाही.

कित्येक घरांत कूलर आणि एसी एकाच डक्टला जोडलेले असतात. मे-जूनमध्ये कूलर, जुलैपासून एसी. ऋतू बदलला की मधली झडप हाताने फिरवायची. ती राहून गेली तर एसीची हवा कूलरमधून वर आकाशात जाते. कंजूष वाटेल, पण मला ही जोडगोळी फार शहाणपणाची वाटते. ती मोडीत निघते आहे, कारण तिला वर्षातून दोनदा छतावर चढणारा माणूस लागतो. तिथलं पाणी जड, क्षारांचे पांढरे थर खरवडावे लागतात, कीस बदलावा लागतो. आता बहुतेकांचा कल हीट पंपाकडे आहे. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात तेच चक्र उलटं चालवून बाहेरची आत आणतो. तिथला हिवाळा सौम्य असल्याने त्याला ते सहज जमतं आणि जुनी गॅसची शेगडी काढून टाकता येते.

प्रश्न त्या मोडलेल्या अटीचा आहे. रात्र आता थंड राहिलेली नाही. १९ जुलै २०२३ला फिनिक्सचं किमान तापमान ९७ फॅरनहाइट, म्हणजे ३६ अंश सेल्सियस होतं. किमान! डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर निवतं, त्यात छतांवरच्या पेट्यांची भर. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेने शहराच्या काही भागांत रात्रीचं तापमान एक अंश सेल्सियसहून जास्त वाढतं. मातीची भिंत उकरून काढली, पडवी पुन्हा बांधली, तरी आजीची रात्र परत मिळणार नाही. यंत्राशिवाय राहायची सोय यंत्रानेच काढून घेतली, आणि यंत्र सगळ्यांकडे सारखं आलं नाही.

रेल्वेरुळांच्या दक्षिणेला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्ती होती. १९३०च्या दशकातल्या सरकारी कर्ज-नकाशांत अशा वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जाला धोक्याच्या, दाखवल्या गेल्या. घरासाठी कर्ज नाही म्हणजे डक्ट नाहीत, नवं वायरिंग नाही, कूलर आहे तोवर कूलर. २०२३ साली मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, उष्णतेने ६४५ माणसं दगावली. त्यांतली पुष्कळ बेघर होती. पण घरात गेलेल्यांच्या नोंदींत वर्षानुवर्षं तीच गोष्ट दिसते: बऱ्याच घरांत एसी होता, तो चालत नव्हता. बंद पडलेला, दुरुस्तीला पैसे नसलेला, किंवा वीज तोडलेला. जुन्या यंत्रांतला आर-२२ वायू अमेरिकेत २०२०पासून नव्याने बनवणं आणि आयात करणं बंद झालं. ओझोनसाठी ते योग्यच होतं, पण जुनं यंत्र भरून घेणं त्यामुळे महागलं.

२०१८च्या सप्टेंबरमध्ये फिनिक्सजवळच्या निवृत्तांच्या एका वसाहतीत ७२ वर्षांच्या एका बाईंची वीज तोडली गेली. बिलातले ५१ डॉलर बाकी होते. त्या घरातच गेल्या. त्यानंतर राज्याच्या नियामक आयोगाने आपल्या अखत्यारीतल्या वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला मनाई केली. मोबाइल होम पार्कमधल्या, म्हणजे भाड्याच्या जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांतल्या लोकांची अडचण वेगळीच होती. काही पार्कांचे मालक खिडकीतला एसी लावूच देत नसत. २०२४ साली राज्याने कायदा करून ती आडकाठी काढली.